वेगाचा मान

सडा-किनारा सहकारी संघाचा कॉम्प्युटर पहिल्या वर्षी इतका संथ होता, की कोळंबीची टोपली काट्यावर ठेवून चिठ्ठी मागितली तर चिठ्ठी हातात पडेपर्यंत टोपलीत वाळून सोडे झालेले असायचे. खोटं वाटत असेल तर रत्नागिरीच्या जेटीवर कुणालाही विचारावं. जेटीवरची माणसं माशाची लांबी सोडली तर कशाबद्दलही खोटं बोलत नाहीत.

ह्या यंत्रासमोर बसायची गुणवंती, ठमाबाईची मुलगी. ठमाबाई म्हणजे जेटीवरच्या साऱ्या मासळीवाल्या बायांचा आवाज. ती इथे पापलेटचा भाव बोलली की तिकडे आरे-वारेला चरणारी गुरं माना वर करून बघत. मुलीनं आईचा आवाज घेतला नव्हता. हट्ट तेवढा सगळाच्या सगळा घेतला होता. टायपिंग शिकली, मग गावात कॉम्प्युटरचा वर्ग निघाला तिथे गेली, आणि संघानं यंत्र आणलं त्या दिवशी ‘मी बसणार’ म्हणून खुर्चीत बसली ती बसलीच.

संघ नावाप्रमाणेच दोन ठिकाणचा. वर सड्यावरचे बागायतदार, म्हणजे कातळाला सुरुंग लावून त्या खड्ड्यात हापूसची कलमं जगवणारी माणसं. खाली किनाऱ्यावरची मासळीवाली. आंबा आणि मासा एरवी रत्नागिरीत फक्त ताटात भेटतात. पण बर्फाचा कारखाना आणि मुंबईच्या गाड्या एकेकट्याला झेपेनात, म्हणून दोघांनी मिळून संघ काढला. सकाळची गाडी मासळीची, दुपारची आंब्याची. कारखाना किनारी, पण त्याची जागा सड्यावरच्यांनी दिलेली. ह्या जागेचा उल्लेख केल्याशिवाय सड्यावरचा माणूस संघात पाणीसुद्धा मागत नसे.

संघ व्हायच्या आधी बायांची मासळी जायची विठूशेटच्या काट्यावर. काट्याजवळ उभा राहून त्याचा माणूस वजन ओरडायचा. ते ओरडणं वाऱ्यावर जायचं, आणि वाऱ्याबरोबर दर टोपलीमागे दोन-चार बांगडेही जायचे. गुणवंतीनं लहानपणापासून हे पाहिलं होतं. म्हणून यंत्र आल्यावर तिनं सगळ्या बायांना जेटीवर गोळा करून शब्द दिला होता : “गाडीचा मागचा फाळका लागायच्या आत जिची तिच्या हातात वजनाची छापील चिठ्ठी. नाही मिळाली तर खुशाल विठूशेटकडे जा.”

शब्द देताना यंत्र किती संथ आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

यंत्र आणलेलं खेडच्या काशीरामानं. हा मुंबईला एका कचेरीत कॉम्प्युटरच्या खात्यात. कचेरीनं जुनं यंत्र काढलं, ते ह्यानं मागून घेतलं आणि एसटीच्या टपावरून आणलं. कशेडी घाटात गाडीला अशी वळणं बसली की यंत्रातली सगळी अक्षरं म्हणे एका कोपऱ्यात येऊन पडली होती. काशीरामानं ती हलवून हलवून सारखी केली. यंत्राच्या पोटात एक तबकडी फिरायची. तिचे त्यानं दोन खण पाडले. मोठ्या खणाचं नाव सी, त्यात मासळीवाल्यांची नावं नि वजनं. लहान खणाचं नाव डी, त्यात बागायतदार. एवढं करून काशीराम मुंबईला परत गेला, आणि गुणवंतीच्या वाट्याला आलं ते वाट बघणं. दर चिठ्ठीला यंत्र तबकडीवर नाव शोधायला जायचं आणि सासुरवाडीला गेलेल्या जावयासारखं तिथेच रमायचं.

शेवटी तिनं तारघरातून काशीरामाला मुंबईला फोन लावला.

“काशीदादा, ह्याला पळवायला काही औषध आहे का?”

“आहे ना,” काशीराम तिकडून ओरडला. तेव्हा मुंबईचा फोन म्हणजे अर्धं यंत्रातून आणि अर्धं खिडकीतून ऐकू यायचं. “यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी एक फाइल वाचतं. त्यात एक ओळ घाल. हे बघ, तबकडी म्हणजे माळा. दरवेळी शिडी लावून माळ्यावर चढायचं, वस्तू आणायची, म्हणून उशीर. त्या ओळीत सांगायचं, की अमुक खणातून काढलेलं सामान लगेच वर ठेवू नको, पडवीत मांडून ठेव. मग पुढच्या वेळी शिडी नको.”

“मग सगळंच मांडते की पडवीत.”

“पडवी केवढी आहे आपली? तुझा चिठ्ठीचा प्रोग्राम तिथेच पाय पसरून बसतो. त्याला बसायला जागा ठेवून एकाच खणाचं सामान मावेल. सी किंवा डी, काय ते ठरव. आणि ओळ बदललीस की यंत्र बंद करून पुन्हा सुरू कर. मध्येच सांगितलेलं ते ऐकत नाही.”

घरी आल्यावर तिनं हे आईला सांगितलं. ठमाबाईला एका वाक्यात कळलं. “म्हंजे गिऱ्हाईक मागेल तो मासा पाटीवर नि बाकीचा खाली बर्फात. मग एवडा मुंबईला फोन कशाला केलास? मला विचारायचंस.”

दुसऱ्या दिवशी गुणवंतीनं ओळ घातली आणि ओळीत सी लिहिला. विचार असा काहीच केला नाही. सकाळी गाडी मासळीची, घाई मासळीला, मासळी सीमध्ये. यंत्र बंद करून सुरू केलं मात्र, चिठ्ठ्या अशा सुटल्या की छापणारं यंत्र टेबलावरून सरकत सरकत दारापर्यंत गेलं. एक चिठ्ठी तर म्हणतात टोपली काट्यावर चढायच्या आधीच निघाली. फाळका लागला तेव्हा साऱ्या बाया चिठ्ठ्यांनी वारा घेत उभ्या होत्या.

हे सगळं सुखात चाललं असतं. पण दुपारी महिपत आला.

महिपत सड्यावरचा मोठा बागायतदार आणि गावच्या पालखीचा मानकरी. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी निघाली की पहिली त्याच्या अंगणात टेकते. मग बाकीचं गाव. हा मान त्याच्या घराण्यात कधीपासून आहे, असं विचारलं तर तो म्हणायचा, “देवी आली तीच आमचं घर विचारत.” माणूस वाईट नव्हता. पण दोन माणसं दारातून आत जात असली तरी त्यात पहिलं कोण, हे त्याला आधी ठरवावं लागायचं.

आंब्याच्या पेट्यांची चिठ्ठी मागून तो उभा राहिला. उभा राहिला, मग बसला, मग त्यानं पान लावलं, खाल्लं, थुंकून आला. तेव्हा चिठ्ठी आली.

“काय गो बाय,” तो म्हणाला, “सकाळी म्हणे मासळीची चिठ्ठी उडत होती. आमची काय लंगडी?”

गुणवंतीला खोटं बोलता येत नव्हतं. तिनं पडवी, माळा, सी, डी सगळं सांगितलं. महिपत पहिल्यांदा हसला. मग त्याचं हसू हळूहळू ओहोटीला लागलं.

“म्हंजे यंत्र उठल्यावर पयलं नाव घेतं ते सीचं?”

“नाव घेत नाही काका, फक्त त्या खणाला...”

“पयला मान सीचा. आणि डी? तो काय उष्टी काढायला हाय? कारखान्याला जागा कोणी दिली?”

“तुम्ही दिलीत. पण सकाळी आंबा नसतोच की! असं करूया काका, सकाळी सी आणि दुपारी डी. मी रोज दुपारी ओळ बदलीन, यंत्र पुन्हा सुरू करीन.”

“दुपारचा मान?” महिपत उठून उभा राहिला. “पालखी दुपारी दुसऱ्यांदा निघते काय गो? मान सकाळचा. उठल्याबरोबरचा. दुपारचं म्हंजे पंगतीत उरलेलं.”

आणि त्यानं कमिटीची सभा बोलावली.

ती सभा सड्यावर आणि किनाऱ्यावर अजून सांगतात, आणि दरवेळी ती थोडी लांबते. गुणवंतीनं पडवी लहान आहे हे पुन्हा समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी म्हणालं, भांडण नको, सी आणि डी दोघांनाही द्या. तेवढ्यात बर्फाच्या कारखान्याचा दादू उठला.

“मग ए ला का नाय? बर्फाच्या लाद्यांचा हिशोब फ्लॉपीवर असतो. फ्लॉपीचा खण ए. बर्फ नसला तर तुमची मासळी नि तुमची गाडी, दोन्ही वास मारतील.”

“बरोबर हाय,” महिपत म्हणाला. मानाच्या बाबतीत तो सगळ्यांनाच न्याय देत असे, फक्त स्वतःला आधी.

“ए, सी, डी,” एकानं बोटांवर मोजून पाहिलं. “मधला बी कुठे गेला?”

“बी नाहीच आहे आपल्याकडे,” गुणवंती म्हणाली.

“नाय कसा? ए हाय, सी हाय, म्हंजे मधला भाऊ असणारच.”

“मुंबईला असेल,” दादू म्हणाला.

ह्यावर कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काय होतं? घरोघरी एकेक भाऊ मुंबईला होता, आणि तो गणपतीला येवो न येवो, त्याचा वाटा, त्याची खोली, आरतीतली त्याची जागा राखून ठेवायची हा कोकणातला रिवाजच. गैरहजर भावाचा मान मारणं म्हणजे पाप. ठराव पास झाला : ए, बी, सी, डी, चौघांनाही सारखा वेग.

“प्रोग्रामला बसायला जागा उरणार नाही हो,” गुणवंती ओरडून सांगत होती. पण सभा चहाकडे वळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत आणि दादू दोघेही यंत्राच्या दोन बाजूंना राखणीला बसले, ठरावाप्रमाणे होतंय की नाही ते बघायला. गुणवंतीनं चार अक्षरं लिहिली आणि बटण दाबलं. यंत्र उठलं. त्यानं पडवीत एचं अंथरूण घातलं, सीचं घातलं, डीचं घातलं, मुंबईच्या भावाचंसुद्धा घातलं आणि त्यावर कोणी झोपलं नाही. मग चिठ्ठीचा प्रोग्राम दारात आला, त्यानं आत डोकावून पाहिलं आणि जागा नाही असं पडद्यावर लिहून निघून गेला.

“बघा,” गुणवंती म्हणाली. “आता काढू का तिघांना?”

“कोणाला काढणार?” महिपत म्हणाला.

“ठराव हाय,” दादू म्हणाला.

ह्या दोघांची समजूत घालेपर्यंत ऊन जेटीवर उतरलं. बर्फाचं पाणी होऊन गाडीखालून वाहायला लागलं. गाडीवाला शिवा थांबून थांबून कंटाळला आणि चिठ्ठ्यांशिवायच फाळका लावून निघाला. टोपल्या गेल्या, आणि कोणाची किती गेली ते पुन्हा वाऱ्यावर.

ठमाबाई खिडकीशी आली. आज तिनं आवाज चढवला नव्हता, आणि ते गुणवंतीला जास्त लागलं.

“आई म्हणून नाय बोलत,” ती म्हणाली. “बायांनी सांगायला पाठवलंय. तुझ्यावर इश्वास ठेवून विठूशेटला पाठ दाखवली. उद्या फाळका लागायच्या आत चिठ्ठ्या नाय मिळाल्या तर परवापासून त्याच्या काट्यावर. तो चोर हाय, पण वेळेवर चोरतो.”

आणि महिपतनं तिथे यंत्राजवळ बसल्या बसल्याच दादूला गुंडाळलं. चौघांना देता येत नाही हे आता डोळ्यांनी बघितलंच. मग एकालाच द्यायचा तर जागा ज्यांची, मान त्यांचा. उद्यापासून सकाळी ओळीत डी. कमिटीला तोवर ह्या अक्षरांचा कंटाळा आला होता. कमिटी हो म्हणाली.

गुणवंती यंत्रासमोर बसून राहिली. कमिटीचं ऐकावं तर मासळी संथ. न ऐकावं तर महिपत यंत्राला कुलूप घालणार. दोन्हीकडून विठूशेटच हसणार. ती रडली नाही. रडायला वेळच नव्हता. तिनं पडद्याकडे टक लावली आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला : वेग डीलाच द्यायचा ना? मग मासळीनं सीमध्येच का राहायचं?

तिनं झटकन डीमध्ये किती जागा शिल्लक आहे ते पाहिलं, आणि तिचं तोंड उतरलं. डी गच्च भरला होता, आणि तो भरला होता तिच्याच हातांनी. गेला सगळा पावसाळा महिपत शेजारी बसून तिला आपल्या बागेतल्या एकेका झाडाची कुंडली टाइप करायला लावत होता. कलम कोणी बांधलं, खड्ड्यात कोणत्या बैलाचं शेण पडलं, पहिला मोहर आला तेव्हा घरात कोण आजारी होतं, कोणत्या माकडानं कोणत्या फांदीवरून कोणाला वाकुल्या दाखवल्या. एका झाडाच्या बाबतीत तर माकडाच्या आजोबांचाही उल्लेख होता.

म्हणजे डीमध्ये मासळीला जागा करायची तर काही झाडं पुसायला हवीत. आणि झाडं महिपतची.

तिनं दुपारची एसटी पकडली आणि सड्यावर गेली. महिपत बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, बसून पेट्यांत पेंढा घालत होता. तिनं सरळ सांगितलं. आडवळण तिला जमतच नसे.

“काका, मान तुमचाच. ओळीत डी लिहिते. मी फक्त मासळीची नावं डीमध्ये आणते. सकाळी तीही पळतील, दुपारी तुमचे आंबेही पळतील. ओळ बदलायला नको, काही नको.”

महिपतच्या हातातला पेंढा हातातच राहिला. “आमच्या खणात मासळी?”

“वास येत नाही काका. नुसती नावं आहेत.”

“वासाचं नाय गो. मासं मी पण खातंय. पण जागा कुठाय? गच्च भरलाय म्हणतेस.”

“थोडी झाडं पुसावी लागतील.”

महिपतनं एक आंबा उचलला, नीट पेटीत बसवला, पुन्हा काढला, पुसला, पुन्हा बसवला.

“उद्या मी पहाटेला येतंय,” तो शेवटी म्हणाला. “नारळ घेऊन. यंत्र उठताना डीचा मान डोळ्यांनी बघणार. झाडांचं नाव काढू नकोस.”

“या,” गुणवंती म्हणाली. “मानकऱ्यानं यायलाच हवं.” आणि परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तिनं दात आवळले. तिच्या आईनं तिला त्या वेळी पाहिलं असतं तर ओळखलं असतं. सुरमईच्या भावावर अडून बसताना ठमाबाईचा जबडा अस्साच दिसायचा.

पहाटे होड्या लागल्या त्या अशा भरून, की बांगड्यांना जागा द्यायला खलाशी पोहत आले. काट्यापुढे टोपल्यांची रांग कारखान्याच्या मागपर्यंत गेली. महिपत आला तो काळा कोट, टोपी, हातात सोललेला नारळ. दादू आला. ठमाबाई आणि साऱ्या बाया खिडकीला, दाराला आणि एकमेकींना लटकून उभ्या.

गुणवंतीनं ओळीत डी लिहिला. महिपतला वाचून दाखवला. यंत्र बंद केलं, सुरू केलं. डीला वेग मिळाला. महिपतनं हात जोडले आणि नारळ फोडला.

आणि गुणवंती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

“सुरू कर की,” दादू म्हणाला.

“थांबा. मानकऱ्यांना एक विचारायचंय.” ती खुर्चीसकट महिपतकडे वळली. “काका, शिमग्यात पालखी तुमच्या अंगणात टेकते. बरोबर कोण कोण येतं?”

“सगळा गाव येतो. ढोलवाले, निशाणवाले, पोरंटोरं, पाव्हणे. का?”

“त्यांना उंबऱ्याबाहेर उभं ठेवता?”

“शुद्धीवर हायस ना बाय? पालखीबरोबर आलेला माणूस दारातून परत गेला तर तो मान कसला? गेल्या शिमग्याला मी स्वतः गोठ्यात बसून जेवलो, एवडी माणसं घरात.”

“मग आज वेगाची पालखी तुमच्या डीमध्ये टेकली आहे,” गुणवंती म्हणाली. “आणि तिच्याबरोबर आलेल्या ह्या बाया दारात उभ्या आहेत.”

खोलीत एवढी शांतता झाली की टोपलीतला एक खेकडा चालताना ऐकू आला.

ठमाबाई खिडकीतून आत वाकली. “काय वो मानकरी? आमच्या वाडीचे ढोलवाले तुमच्या अंगणात वाजवून वाजवून बोटं फोडून घेतात. आमी बाया काय जड झालो?”

“तू गप गो ठमाबाय,” महिपत म्हणाला. पण त्यात जोर नव्हता. त्यानं एकदा बायांकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. बाहेर शिवानं हॉर्न दिला. “ताई, बर्फ सुटायला लागला!” तो ओरडला. “मी किती थांबू?”

“फाळका उघडा ठेव,” गुणवंती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

महिपतनं कोट काढला. घडी घातली. दादूला उठवून त्याच्या स्टुलावर तो यंत्राला टेकून बसला.

“जितं झाड पुसणार नाय,” तो म्हणाला.

“मेलेली?”

“मेलेली हायत थोडी. वाच.”

गुणवंती वाचू लागली. शेंदऱ्या, वादळात पडलेला. “पूस.” गोठ्यामागचं जोडकलम, वाळवीनं खाल्लेलं. “पूस. पूस ते, चांगलं नव्हतंच.” वळणावरचा काळा, ज्याच्यावर वीज पडली. महिपतनं होकारार्थी मान डोलावली. एकेक कुंडली जात होती, डीमध्ये जागा होत होती, आणि गुणवंतीच्या मनात जागेचं गणित चाललं होतं. अजून पुरत नव्हती.

“आता एकच आहे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. “थोरलं. विहिरीजवळचं.”

हे महिपतच्या वडिलांनी लावलेलं. कातळ फोडताना त्यांचं एक बोट गेलं होतं, त्या बोटासकट सगळं लिहिलेलं. सगळ्यांत लांब कुंडली ह्याचीच. झाड केव्हाच गेलं होतं.

“खुंट हाय अजून,” महिपत म्हणाला.

शिवानं हॉर्नवर हात ठेवला होता, तो त्यानं काढला.

“ही ठेवली तर?”

“मग अर्ध्या बाया आत येतील. अर्ध्या बाहेर.”

महिपतनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. “बापानं मला हे झाड तोंडी सांगितलं,” तो म्हणाला. “यंत्र कुठे होतं तवा? मी पण सांगेन पोरांना. कंटाळतील, पण सांगेन.” मग त्यानं बोट पुढे केलं. “कुठलं बटण?”

तिनं दाखवलं. त्यानं ते दाबलं, आणि बराच वेळ दाबूनच ठेवलं. तिला हळूच त्याचं बोट उचलावं लागलं.

मग मात्र गुणवंतीनं मागे वळून पाहिलं नाही. सीमधली मासळी तिनं डीमध्ये आणली. चिठ्ठीच्या प्रोग्रामला सांगितलं, की आजपासून बायांना इथे शोध. आणि पहिली टोपली काट्यावर चढली. वजन, नाव, बोटं, चिठ्ठी. वजन, नाव, चिठ्ठी. छापणारं यंत्र पळून जाऊ नये म्हणून दादू त्याच्यावर हात टाकून बसला होता. त्याचा हात इतका थरथरत होता की पुढे कितीतरी दिवस त्याला चहा बशीत ओतून घ्यायची गरज राहिली नाही, आपोआप ओतला जायचा. रांग कारखान्याच्या मागून पुढे आली, दारात आली, संपत आली. शिवा गाडीवर शेवटच्या टोपल्या चढवत होता आणि बाया चिठ्ठी घेऊन बाजूला होत होत्या.

शेवटची ठमाबाई. तिनं चिठ्ठी हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली. तिला वाचता येत नव्हतं, पण छापील आकड्याचा आकार तिला कळत होता, आणि काट्यावर आपल्या डोळ्यांनी पाहिलेला आकार तोच होता. तिनं चिठ्ठी कनवटीला लावली आणि जेटीवर जाऊन जो आवाज दिला तो नक्कीच विठूशेटच्या घरापर्यंत गेला असणार.

“शिवाऽ! लाव फाळका!”

फाळका लागला. गाडी निघाली.

महिपत अजून स्टुलावरच होता. त्यानं फोडलेल्या नारळाचं खोबरं काढून बायांना वाटायला घेतलं, मानकऱ्याच्या हातानं, एकेकीला, रांगेनं. ठमाबाईचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, “उद्या जरा लवकर या वो. बांगडा मानकऱ्यासाठी थांबत नाय.”

“मला बोलावणं लागत नाय,” महिपत म्हणाला. “डी म्हंजे माझंच घर हाय.”

गुणवंती तोवर डीमधून दुपारच्या पेट्यांची नावं काढून बघत होती. तीही पळत येत होती.